वजावट

मार्चचा शेवटचा रविवार. कुरणावर अजून बर्फ,
वापरून झिजलेल्या साबणाच्या वड्यांसारखं.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी खोकं उपडं केलं.
खोकं माझ्या बुटांचं, दहा नंबरच्या.
आत एक अख्खं वर्ष, घोड्यांच्या बुटांचं.

काही पावत्यांना खुराचं तेल, काहींना कानशीचा भुसा,
एक टगने चावलेली.
पेट्रोलच्या तर पार पांढऱ्या पडल्यात.
खिडकीशी नेऊन तिरकी धरली एक:
गॅलन उडाले, डॉलर उडाले,
उरलं फक्त ‘आभारी आहोत, पुन्हा या’.
प्रुइट म्हणतो, कोरी पावती म्हणजे न झालेला खर्च.
मी म्हटलं, अरे, टाकी तर भरली होती.

प्रुइट माझा हिशेबनीस. लुइसटाउनला बँकेच्या वर बसतो,
दर एप्रिलला माझं खोकं बघून चष्मा काढून ठेवतो.
यंदा त्याच्यासाठी लिफाफे आणले, पिवळे, डझनभर.
नाल. खिळे. गॅस. विमा.
फोन, निम्मा.
चामडी एप्रन अवजारात घालू की कपड्यांत?
डचेसने लाथेसरशी फोडलेलं मनगटी घड्याळ
कुठेच बसेना.
टगचं खाणं ‘राखणदारी’त लिहिलं, मग खोडलं.
चोर आला तर हा ट्रकचं दार उघडून देईल.

वडिलांना लिफाफे लागले नाहीत कधी.
लाकडाचा ठोकळा, त्यातून उलटा वर आलेला नालखिळा,
आली पावती की टोच त्यावर.
डिसेंबरात चळत ओढून काढायची, दोरा ओवायचा
आणि हिशेबनिसापुढे आदळायची: हे घ्या वर्ष.
चाळीस वर्षांच्या त्यांच्या जमाखर्चाला
मधोमध भोक आहे.

संध्याकाळी मैलांची वही घेतली.
तारीख, कुठे, कशासाठी, किती.
शरदातले मंगळवार एकाखाली एक लागत गेले:
हॅल्व्हरसनचा तबेला, बिस्किट, सैल नाल, बासष्ट मैल.
आणि त्याच ओळीत, कशासाठीचा रकाना रिकामा ठेवून,
पुढे बिलिंग्ज, त्रेसष्ट.
तिथल्या इस्पितळात चौथ्या मजल्यावर
वडील माझे हात उलटेपालटे करून बघायचे,
नवीन जखम दिसली की खूश व्हायचे.

प्रुइटचा नियम सरळ आहे:
तबेल्यापर्यंत धंदा, त्यापुढे तुझं तू.
तशी रेघ मारायला पट्टी ठेवली
आणि बिलं तारखेने लावली.

अकरा.
अकरा मंगळवार ओळीने, एकाच घोड्याचा
एकच पुढचा डावा पाय.

मी नालबंद आहे. नालबंदाची मुलगी आहे.
मी ठोकलेला नाल सहा आठवडे हलत नाही.
दर वेळी पाय मांडीवर घ्यायचे, चिमट्याने चाचपायचे,
म्हणायचे, घट्ट आहे की रे, लार्स.
तो टोपी मागे सारून म्हणायचा,
मला वाटलं वाजतोय.
आणि चेक तयार असायचा, खिशात,
आधीच लिहिलेला.
चाळीस डॉलर. जाऊन येऊन लागायचं
तेवढंच पेट्रोल.

तेव्हा कसं दिसलं नाही मला?
बहुधा पावत्या खोक्यात होत्या म्हणून,
उलटसुलट.

आता हे कुठल्या लिफाफ्यात घालू?
चाळीस डॉलर जमेला धरलेत, कर भरीन त्यावर.
बासष्ट मैल वजा करता येतील,
काम झालंय, सही आहे, पाय उचलला होता मी.
पण झालं काय होतं तिथे, ते लिहायला
प्रुइटच्या फॉर्मवर ओळ नाही.

रात्री बेरीज केली, दोनदा.
दर वेळी हातचा एक राहतो
आणि कुठे मिळवायचा ते सुचत नाही.
अकरा बिलं एकत्र करून
वडिलांच्या खिळ्यावर दाबली, आरपार.
प्रुइट भोकाबद्दल विचारणारच.

उद्या लार्सला फोन करायचाय.
बिस्किटचे सहा आठवडे
परवा खरोखरच भरतात.